गोजाबाईचे तळपाय

चाकणच्या शनिवारच्या बाजारात कांद्याच्या ढिगांना वळसा घालून पुढं गेलं की कुंभारांची रांग लागायची, आणि त्या रांगेत तिसऱ्या जागी गोजाबाई बसायची. मागं माठ, मधे परळ आणि पणत्या, आणि अगदी पुढ्यात सुपात रचलेल्या वज्र्या. वज्री म्हणजे टाचा घासायची भाजलेल्या मातीची वडी. वर बोटांत धरायला मूठ, खाली खवणीसारख्या रेघा. तशा वज्र्या सगळेच कुंभार करायचे. पण त्यांच्या नुसत्या विकायला असायच्या, गोजाबाईच्या वज्रीबरोबर भाषण फुकट मिळायचं.

गिऱ्हाईक बाई समोर उभी राहिली की गोजाबाई तिच्या तोंडाकडं बघायचीच नाही. आधी पायांकडं.

"काय गं बाई, ही टाच हाय का नांगरल्यालं वावर? ह्या भेगांत हरभरा पेरलास तर उगवून यील."

बाई लाजून लुगड्याचा काठ खाली ओढायची. तेवढ्यात गोजाबाईनं तिला उपड्या माठावर बसवून तिचा पाय मांडीवर घेतलेलासुद्धा असायचा. मग बाजारभर ऐकू जाईल अशा आवाजात सुरू व्हायचं: "आदी भिजव. कडकडीत पानी न्हाई, कोमट. घटकाभर पाय सोडून बस, दळायला बसतीस तशी निवांत. मंग घास, हळू, एकाच अंगानं. रगात काढायचं न्हाई, मेल्याली कातडी काढायची. पुसून कोरडं कर, आन् कोकमाचं त्याल चोळ. रोज थोडं थोडं. एका दिसात टाच लोण्यावानी व्हत न्हाई."

बायका वज्री घेऊन जायच्या आणि खरंच गुण यायचा. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नव्हती. एवढं सगळं सांगताना गोजाबाईचे स्वतःचे पाय लुगड्याच्या घोळात असे दडवलेले असायचे, की ती पायांशिवायच बाजारात आली असावी असं वाटावं.

कारण ते पाय बघण्यासारखे नव्हते. चाळीस वर्षं अनवाणी हिंडून त्यांना असा घट्टा चढला होता, की बाभळीचा काटा सकाळी टाचेत मोडला तर तिला त्याची खबर संध्याकाळी पाय धुताना लागायची. भांडी भाजायच्या आव्यातून नुकताच बाहेर काढलेला, अजून धगधगणारा निखारा पायाखाली आला तर ती म्हणायची, "काय तरी कोंबट लागलं बाई." मातीत कालवायला घोड्याची लीद आणून देणारा लालमहंमद टांगेवाला तर दारात टोपली उतरवली की हमखास विचारायचा, "वहिनी, घोड्याला नाल मारायला निघालोय. येताय का? तुमचे तर दोनच पाय, लौकर उरकंल."

"तुज्या जिभंला मारून आन आदी," गोजाबाई म्हणायची, आणि दोघंही हसायची.

गावात घट्टे काही एकट्या गोजाबाईला नव्हते. पण बाकीच्यांचे पाय नुसते चालायला होते. गोजाबाईच्या पायांना काम होतं. कुंभाराच्या घरात माती भिजली की तुडवावी लागते, आणि तुडवताना चाळणीतून निसटलेला एकूण एक खडा पायानं हुडकून काढावा लागतो. त्यातही चुनखडीचा खडा हा वैरी. ज्वारीच्या दाण्याएवढा जरी राहिला, तरी भांडं भाजून, विकून, गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर तो पाणी पिऊन फुगतो आणि तिथून टवका उडवतो. मग माठ गळतो, आणि कुंभाराची अब्रूही त्याच भोकातून गळते. हातानं एवढी माती चाचपणं शक्य नसतं. ते तळपायानंच कळतं, आणि तळपाय ज्याचा त्याचा असतो.

म्हणून त्या घरात एक रीत होती. नवी सून आली की सासू भिजल्या मातीत सात खडे लपवायची आणि सुनेनं तुडवून ते हुडकायचे. गोजाबाई चौदा वर्षांची होऊन या घरात आली, तेव्हा तिनं सातही खडे काढून सासूच्या ओंजळीत ठेवले होते आणि त्या दिवसापासून माती तिची झाली. पुढं तिची स्वतःची सून सुमन आली. तिला सातांतले पाच सापडले. याला चार वर्षं झाली होती, पण गोजाबाईनं तो पाचाचा आकडा जुना होऊ दिला नव्हता. भाकरी करपली, "पाचच हुडकलंस न्हवं?" मांजरानं दूध सांडलं, "पाच!" सुमन बिचारी खाली मान घालून कामाला लागायची. जास्त बोलणाऱ्यांतली ती नव्हती.

आणि अशात, गेल्या वैशाखात, रहाटणीचा एक शेतकरी बैलगाडीत रांजण घालून दारात आला. रांजण पोटात गळत होता. गोजाबाईचा नवरा चिमाजी, गावातला जुना आणि सरळ कारागीर, त्यानं रांजण फिरवून बघितला आणि म्हणाला, "आवा जास्ती तापला आसंल, पाव्हनं. दुसरा न्या." शेतकरी दुसरा घेऊन गेला. पण गोजाबाईनं टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका बघितला होता. चुनखडी. तिच्या पायांखालून निसटलेली. चिमाजीनंही ती बघितली असणार. 

पावसाळ्यात कुंभारकाम बंद असतं. दसऱ्यानंतर पुन्हा माती भिजली, तेव्हा गोजाबाई जीव तळव्यांत गोळा करून तुडवायला लागली. आणि तिला खडा लागेना. एकसुद्धा. पूर्वी प्रत्येक मातीत दहा-बारा तरी निघायचे. मातीतले खडे काय संपतात? पाय बहिरे झाले होते. आता भांडी एकामागून एक गळणार, असं धरून ती बसली. पण नवल असं की एकही भांडं परत येईना. ही म्हसोबाची कृपा, असं तिनं ठरवलं आणि प्रत्येक आव्याला एक नारळ फोडायला सुरुवात केली. देव किती दिवस आपली अब्रू झाकणार, ही धास्ती मात्र नारळागणिक वाढत गेली.

बरं, सांगायचं कुणाला? सुमनला सांगावं तर पाचवाली सून वरचढ ठरणार. चिमाजीला सांगावं तर तो माती सुमनकडं देणार. आणि माती गेल्यावर त्या घरात आपण काय म्हणून बसायचं, हा तिचा खरा प्रश्न होता. चाक नवऱ्याचं, चूल सुनेची. मातीच तेवढी तिची होती.

पौषात मुलगा ज्योतीराम दोन दिवसांसाठी घरी आला. पिंपरीला तेव्हा औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि तो तिथं बांधकामावर होता. तो बातमी घेऊन आला: मजुरांच्या पाण्यासाठी पंचवीस मोठे रांजण पाहिजेत, शिमग्याच्या आत. "सायेब सोता पानी भरून आठ दिस ठिवनार हाय, आबा. एक जरी पाझरला तरी सगळं माघारी."

"न्हाई पाझरायचं," चिमाजी म्हणाला. मग तंबाखू मळत, कुणाकडंही न बघता, त्यानं हळूच पुढं जोडलं, "काम मोठं हाय. आवंदा सुमनबी उतरंल मातीत. हातभार म्हून."

गोजाबाईच्या काळजात ते बाभळीच्या काट्यापेक्षा खोल गेलं, आणि तिथं काही घट्टा नव्हता.

रांजणांची माती वाहायला, वाळवायला, कुटायला महिना जाणार होता. तेवढ्यात पायांना कान फुटले पाहिजेत, असं गोजाबाईनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात सामसूम झाल्यावर ती सुपातली एक वज्री पदराखाली घेऊन परसात गेली. स्वतःचीच वज्री स्वतःच्याच घरातून चोरून नेणारी चाकणातली ती पहिली बाई असावी.

आणि मग वीस वर्षं साऱ्या तालुक्याला शहाणपण शिकवणाऱ्या या बाईनं काय करावं? कोरडाच पाय घेतला, आणि पातेल्याची काजळी काढावी तशी खसाखसा घासत सुटली. महिन्याचं काम तिला एका दुपारी उरकायचं होतं. टाच चांगली रक्तानं भरली तेव्हा कुठं तिला काही तरी जाणवलं.

नेमकी त्याच वेळी लालमहंमदची बायको ताजुन्निसा परसाच्या वाटेनं वज्री मागायला आली. दरवर्षी थंडीत ती एक न्यायची. तिनं टाच बघितली, दगडावर पडलेली वज्री बघितली, आणि कमरेवर हात ठेवून, अगदी गोजाबाईच्या सुरात, सुरू केलं: "आदी भिजव! कोमट पानी! रगात काढायचं न्हाई! हे मला कोन शिकवलं हो? तुमीच ना?"

"हळू बोल गं," गोजाबाई इकडंतिकडं बघत म्हणाली.

"का हळू? तुमी बाजारात कुटं हळू बोलता?" असं म्हणत तिनं बंबातून कोमट पाणी आणलं, चिमटीभर मीठ टाकलं आणि गोजाबाईचे दोन्ही पाय त्यात बुडवून शेजारी बसली. "आता घटकाभर हलायचं न्हाई. दळायला बसल्यावानी."

गोजाबाईला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी पाय धरून बसवलं होतं. तिला ते आवडलं, पण तिनं तसं दाखवलं नाही.

मग महिनाभर रोज दुपारी परसात तेच. भिजवायचं, हळू घासायचं, पुसायचं, कोकमतेल चोळायचं. रोज थोडी पांढरी भुकटी पाण्यात उतरायची. भेगा भरत आल्या, घट्टा पातळ झाला, आणि खालून कुणा अनोळखी बाईचे म्हणावे असे मऊ पाय वर आले. त्यासरशी गोजाबाईची चाल बिघडली. आजवर जी बाई मुरमाच्या रस्त्यावरून डोक्यावर सहा माठ घेऊन धावायची, ती आता प्रत्येक कच वेगळी ओळखायला लागली आणि तापल्या तव्यावर चालावी तशी चालायला लागली. शेवटी चिमाजीच्या जुन्या वहाणा घालून ती बाजारात गेली. वहाणा दोन बोटं मोठ्या. लालमहंमदनं टांगा थांबवून विचारलं, "वहिनी, नाल मारलेत वाटतं?"

पण त्या शनिवारी गोजाबाई पाय लांब पसरून, तळवे गिऱ्हाइकाकडं करून बसली आणि भाषण अर्ध्यावर यायच्या आत सूप रिकामं झालं.

संध्याकाळी घरी आली तर चिमाजी ओट्यावर बसला होता, आणि त्याचे पाय गुडघ्यापर्यंत स्वच्छ धुतलेले. गेल्या दसऱ्यापासून माती भिजल्या शनिवारी हे असंच दिसायचं आणि तिला त्याचं हसू यायचं. "लई सोवळं आलंय म्हाताऱ्याला. पाय धूऊन कुटं निगालाय, पुण्याला?" चिमाजी नेहमीप्रमाणं नुसता खाकरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांजणांची माती तयार होती, अंगणभर पसरलेली, वर लीद कालवलेली. गोजाबाईनं लुगडं खोचलं, मातीच्या पाया पडली आणि उतरली. गार लागलं. बोटांच्या बेचक्यांत गुदगुल्या झाल्या. इतकं तर तिला किती वर्षांत जाणवलं नव्हतं! ती हरखून तुडवायला लागली. कडेनं एक फेर झाला, मधून झाला. आता लागेल, मग लागेल. दुसरा फेर झाला.

खडा नाही.

ती मधोमध थांबली. म्हणजे दोष कातडीचा नव्हताच. कातडी घासून निघाली, पण आतला पाय म्हातारा झाला होता, आणि त्याला घासायला कुठलीच वज्री नव्हती. गोजाबाई मातीतून बाहेर आली. पाय धुतले. सुमन दारात उभी होती; तिच्याकडं न बघता ती म्हणाली, "उतर. आजपासनं माती तुजी."

हे ऐकायला कुठलीही सून चार वर्षं वाट बघेल. पण सुमन जागची हलली नाही. तिनं सासऱ्याकडं बघितलं. चिमाजी चाकाच्या कण्याशी उगाच काही तरी खुडबुडत होता.

"मामंजी," सुमन म्हणाली, "आता सांगा की."

"काय सांगू?"

"न्हाईतर मी सांगती."

चिमाजी उठला. चाकामागच्या कोनाड्यातून त्यानं एक कान तुटलेलं बोळकं काढलं आणि गोजाबाईपुढं ठेवलं. ते खड्यांनी भरलं होतं. बरेचसे पांढरे.

"दसऱ्यापासनं," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "तू बाजारला गेलीस की मी उतरतो मातीत. सुमन दारात ऱ्हाती, कोन येतंय का बघाया. कालबी तुडीवली. मंग तुला कुटनं लागनार खडं?"

गोजाबाईनं बोळक्यात हात घातला. चार महिन्यांचे शनिवार तिच्या बोटांतून खाली सांडले. मग तिचा आवाज फुटला. "आन् मी आव्या-आव्याला म्हसोबाला नारळ फोडतीया!"

"खोबरं आमीबी खाल्लं," चिमाजी म्हणाला.

"मला सांगाया काय झालं हुतं?"

"सांगितलं आसतं तर रडली आसतीस."

"मी? मी कवा रडली?" असं विचारताना तिच्या गालांवरून सरळ दोन धारा चालल्या होत्या, आणि ते तिच्याखेरीज सगळ्यांना दिसत होतं. तिला राग आला होता, लाज वाटत होती, आणि या घुम्या माणसानं इतके दिवस आपली अब्रू तुडवून तुडवून राखली म्हणून काळीज भरून आलं होतं. यातलं आधी काय बोलावं ते न कळून तिनं पदरानं नाक पुसलं आणि सुमनकडं वळली.

"त्यातलं सात घे. आज सासू तू."

"आत्याबाई, आसू द्या की..."

"सात घे म्हनती न्हवं!"

गोजाबाई भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. सुमननं बोळक्यातले खडे निवडले. ती भली पोर होती, पण चार वर्षांचे पाच तिच्याही लक्षात होते. तिनं सगळ्यांत बारीक सात निवडले आणि लांब लांब, खोल खोचले.

गोजाबाई उतरली. आता ती डोळे मिटूनच तुडवत होती. पहिल्या फेरात तीन निघाले. टाचेनं अडवायचा, अंगठ्यानं उचलायचा, हातात घेऊन सुमनकडं टाकायचा. दुसऱ्यात दोन. "पाच," सुमन म्हणाली आणि जीभ चावली. सहावा पार कडेला निघाला. सातव्यासाठी तिसरा फेर निम्मा झाला, चिमाजीच्या हातातली तंबाखू तशीच राहिली, आणि मग गोजाबाईचा डावा अंगठा जागीच थबकला.

"सात!" सुमन ओरडली. स्वतःला सापडल्यासारखी ती नाचायला लागली. चिमाजीनं सुस्कारा सोडला. "बास. ये भाईर आता."

पण गोजाबाई बाहेर येईना. ती तशीच उभी होती, मान तिरकी करून, उजवी टाच मातीत हळूहळू फिरवत. मग वाकली आणि कोपरापर्यंत हात घालून काही तरी वर काढलं. लुगड्याला पुसलं. ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा खडा.

"ह्यो कुनाचा?"

"म्या सातच घातलं हुतं, आत्याबाई. द्येवाशपत."

गोजाबाई चिमाजीकडं बघत होती. चिमाजी चाकाकडं बघत होता. त्यानं काल सबंध दिवस तुडवलेल्या मातीतून तो निघाला होता.

"म्हंजी ह्यो तुमचा," ती म्हणाली. "एक रांजन गेला आसता पिंपरीत."

ती बाहेर आली, माठ उपडा घातला आणि त्यावर हात आपटला. "बसा. सुमन, कोमट पानी आन गं. आन् वज्री."

"मला कशाला? मी काय बायमानूस हाय?" चिमाजी कुरकुरला, पण बसला. गोजाबाईनं त्याचा पाय मांडीवर घेतला. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, आणि गावातल्या यच्चयावत टाचा बघून झालेल्या या बाईनं एवढे एकच तळवे कधी उलटून बघितले नव्हते. भेगा खोल होत्या. त्यांत माती गच्च बसली होती, आणि काही भेगांच्या कडा लाल होत्या. तिचा हात मंदावला.

"दुखलं न्हाई व्हय वो, तुडीवताना?"

"दुखलं की," चिमाजी म्हणाला. "तुज्यावानी खूर थोडंच हायत मला?"

सुमन तोंडाला पदर लावून हसली. गोजाबाईही हसली, आणि त्या पाचाचा उल्लेख त्या घरात पुन्हा कधी झाला नाही. पुढं पंचवीसही रांजण कांद्याच्या लॉरीतून पिंपरीला गेले, आठ दिवस भरून ठेवले गेले, आणि त्यांतून थेंबही पाझरला नाही. पण ती पुढची गोष्ट. त्या सकाळी गोजाबाईनं नवऱ्याचे पाय पाण्यात सोडले, घटकाभर वाट बघितली, आणि मग अगदी हळू, एकाच अंगानं, घासायला लागली. थोड्या वेळानं चिमाजी उठायला लागला, तसा तिनं त्याचा घोटा धरून त्याला परत खाली बसवलं.

"एका दिसात व्हत न्हाई," ती म्हणाली. "उंद्याबी बसायचं."